ऊन पडलं की पाणी चढतं

आमच्या घरात सहलीचा निर्णय होत नसतो, तह होतो. हा तह झाला होळीच्या आसपास, जेवणाच्या टेबलावर, फोन भाताच्या पातेल्याला टेकवून.

फोनच्या पलीकडं आमची लेक सई. वय सत्तावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि धंदा हिमाचलात माणसांना डोंगर चढवायचा नि सुखरूप उतरवायचा. मनालीतल्या एका छोट्या संस्थेत ती ट्रेक लीडर आहे. फोनच्या अलीकडं विलासराव, म्हणजे माझे यजमान. जन्म मंद्रूपचा, नोकरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, सेफ्टी ऑफिसर. बिनहेल्मेटचा माणूस दिसला की ह्यांचा रक्तदाब वाढतो. आता अशा बापाच्या पोटी अशी पोरगी! आणि मधे मी, शैला, गेल्या वर्षी निवृत्त झालेली गणिताची बाई. बापलेकीचं भांडण सोडवण्यात उरलेलं आयुष्य जाणार अशी माझी लक्षणं.

झालं होतं असं, की आदल्या पावसाळ्यात तिकडं दरडी कोसळल्या, रस्ते बंद, फोन बंद, आणि सई कुठं आहे हे काही दिवस आम्हाला कळलंच नाही. ती आपली एका गावात मजेत राजमा-चावल खात बसलेली. इकडं ह्यांनी जेवण सोडलं होतं. तेव्हापासून एकच पालुपद, "बास झालं. परत ये." पुण्यात एका नातेवाइकाच्या ओळखीनं ऑफिसातली नोकरीसुद्धा बघून ठेवली. रोजच्या फोनवर तोच विषय. शेवटी त्या दिवशी सईच म्हणाली,

"बाबा, तुम्ही दोघं एकदा माझ्याबरोबर चाला. फक्त एकदा. मग घरी जाऊन शांतपणे विचार करा आणि सांगा. तरी 'नाही' म्हणालात तर मी सामान बांधून येते. वाद घालणार नाही."

"शब्द?" ह्यांनी विचारलं.

"शब्द."

तर मंडळी, हा आमचा हम्प्ता पासचा ट्रेक. लोक तिथं बर्फ बघायला जातात, आम्ही पोरगी परत आणायला निघालो होतो. खरं सांगते, मनातून मलाही ती परतच हवी होती.

तयारी

सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. त्यामुळं सराव कुठं करायचा हाच पहिला प्रश्न. आम्ही रोज सकाळी तलावाभोवती चालायचो आणि संध्याकाळी पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन गच्चीचा जिना चढायचो, उतरायचो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच, "काय हो बाई, टाकीत पाणी हातानं भरताय की काय?" आमच्या वयाच्या कुणी जाणार असाल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जाऊ नका. आमच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, आणि मग ह्यांनी त्यांनाच उलटतपासणी घेतल्यासारखे इतके प्रश्न विचारले की पुढच्या पेशंटला ताटकळावं लागलं.

सईनं दोनच गोष्टी बजावल्या होत्या. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, आणि पाण्यातून चालायला पट्ट्याच्या जुन्या सँडल आणा. बाकी रेनकोट, लोकरी मोजे, टोपी हे तुम्हाला सगळीकडं लिहिलेलं सापडेल. खर्चाचं म्हणाल तर दोघांचा मिळून आमच्याकडं एका बऱ्यापैकी साखरपुड्याच्या जेवणाला येतो तेवढा आला. आणि सोलापूरची माणसं असाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विसरू नका. ती तिथं किती कामाला येते ते पुढं सांगतेच.

दिल्लीची गाडी सोलापूरहून थेट मिळते. केम माझं माहेर. गाडी तिथं थांबत नाही, तरी माझा भाऊ फलाटावर येऊन उभा होता. मी दारात, तो खाली, एक हात वर केलेला दिसला न दिसला तोवर केम मागं गेलं. "एवढ्यासाठी आला होता व्हय?" हे म्हणाले. मी डोळे पुसत जागेवर येऊन बसले. दिल्लीहून मनालीची बस रात्रभर वळणं घेते. उलटीची गोळी आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही.

अलीकडचं हिरवं

मनालीत सई घ्यायला आली. रापलेली, वाळलेली, आणि इतकी हसरी की मला तिचा थोडा रागच आला. एक दिवस विश्रांती घ्यायला लावली आणि मग जीपमधून जोबरा. तिथून चालायला सुरुवात. निघण्याआधी तिनं सगळ्यांना गोल उभं केलं. आम्ही दोघं, हुबळीचं नवीन लग्न झालेलं जोडपं गिरीश आणि मंजुळा, दिल्लीच्या तीन मैत्रिणी, आणि सईचा कामातला जोडीदार दोरजे. दोरजे तिथलाच, दोर आणि घोड्यांचं सगळं तो बघायचा.

"ट्रेकवर आई-बाबा कुणी नाही," ती आमच्याकडं बघून म्हणाली. "मी निघा म्हटलं की निघायचं, थांबा म्हटलं की थांबायचं."

"शंभर टक्के बरोबर," हे जोरात म्हणाले. तो नियम स्वतःलाही लागू होतो हे ह्यांना अजून कळायचं होतं.

पहिले दोन दिवस काय वर्णन करू! एका बाजूला नदी, वर देवदार, मग भूर्जपत्राची झाडं, मग झाडंही संपली आणि नुसती फुलं. पाऊस असा भुरभुरत होता की छत्री उघडावी तर थांबायचा, मिटावी तर यायचा. दम लागला की सई मागं येऊन हळूच म्हणायची, "आई, पाऊल छोटं. घाई कुणालाच नाहीये." मी आयुष्यभर पोरांना 'आटपा, आटपा' म्हणत आले. मला कुणी हळू चाल म्हणून सांगतंय, हे ऐकायलाच इतकं गोड लागत होतं.

ह्यांना हुबळीकर सापडले आणि ह्यांची कळी खुलली. मंद्रूपच्या माणसाला कानडी यायचीच. सकाळ-संध्याकाळ "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, एवढ्यावर सुरू होऊन गप्पा थेट हुबळीच्या मिरचीच्या भावापर्यंत जायच्या. तंबूत आमटीभात मिळायचाच, पण शेंगाचटणीची पुडी उघडली की दिल्लीच्या पोरींपासून दोरजेपर्यंत सगळे हात पुढं. कडक भाकरी मोडून आमटीत बुडवायची हे दोरजेला इतकं आवडलं की तो मला 'भाकरी आंटी' म्हणायला लागला.

पण ह्यांचं लक्ष सईवर असायचं. ती दोर तपासते का, कुणाचं डोकं दुखतंय विचारते का, औषधाची पेटी कुठं ठेवते. कारखान्यात नवीन कामगार आला की बघतात तसं. मी विचारलं, "पास की नापास?"

"काम चोख हाय," हे म्हणाले. "पण जागा वाईट हाय."

पलीकडचं कोरडं

तिसऱ्या दिवशी खिंड, म्हणजे तो हम्प्ता पास, चढलो. वर उभं राहून मी रडले, ते दम लागल्यामुळं की आनंदानं, कोण जाणे. उतरायला लागलो आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. खिंडीच्या अलीकडं हिरवंगार, पलीकडं एक झाड नाही. नुसते दगड, माती, निळंभोर आकाश आणि चटका देणारं ऊन. ह्यांचा चेहरा उजळला.

"शैला, हे तर आपलं माळरान की गं! मंद्रूपच्या शिवारात आल्यागत वाटतंय."

खरंच तसं वाटत होतं. आणि तिथंच सगळा घोळ झाला.

मुक्काम एका ओढ्याच्या काठी होता. ओढा कसला, चांगली नदीच म्हणायची, बर्फातून येणारी. सकाळी तो ओलांडायचा, पलीकडं छत्रूपर्यंत चालायचं आणि तिथून गाडीनं मनाली. सईनं संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, उजाडताच निघायचं, अजिबात उशीर नको.

सकाळी मी उठले ती कुडकुडतच. बोटं वाकेनात. ह्यांनी माझी अवस्था बघितली, बाहेर जाऊन पाण्यात हात घालून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "एवढ्या गारठ्यात तुला पाण्यात घालू व्हय? जरा ऊन वर येऊ दे. ऊन आलं की तूबी तापशील आणि पाणीबी आटंल."

मला पटलं! जन्म गेला सोलापुरात. ऊन आणि पाणी ह्यांचं एकच नातं आम्हाला माहीत, ऊन आलं की पाणी जातं. ओढ्याला पूर यायचा तर आधी आभाळ काळं व्हायला हवं. इथं तर ढगाचा ठिपका नाही. दोन शिकलेल्या माणसांनी मिळून असा विचार केला, आणि सईला विचारावंसं एकालाही वाटलं नाही. सई आणि दोरजे तेव्हा खाली पाण्याशी दोर बांधायला गेले होते.

मग हे लागले टंगळमंगळ करायला. मोजे सापडेनात. चहा दुसऱ्यांदा हवा. दाढी, चक्क दाढी करायला बसले! गिरीश दोनदा येऊन बघून गेला. दिल्लीच्या पोरी पाठपिशव्या लावून उभ्या. सई खालून पळत वर आली, धापा टाकत, "काय झालं? कुणाला बरं नाहीये का?"

"न्हाय गं, म्हटलं जरा ऊन येऊ दे. पाणी कमी झालं की आरामात जाऊ."

सईनं त्यांच्याकडं बघितलं. ती ओरडेल असं मला वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, इथं ऊन पडलं की बर्फ वितळतं. पाणी चढतं."

आम्ही भराभर आवरून खाली गेलो, तोवर उन्हानं वरचा डोंगर उजळला होता. सई काठी घेऊन पाण्यात उतरली, चार पावलं गेली, थांबली, परत आली. दोरजेशी काहीतरी बोलली. मग सगळ्यांना म्हणाली, "आज नाही. उद्या सकाळी."

गिरीशचं दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. तो वैतागणं साहजिक होतं. तेवढ्यात थोडं वरच्या अंगाला दुसरा एक गट हातात हात धरून पाण्यात शिरला आणि डगमगत का होईना, पार गेला. मग तर झालंच. "ते गेले ना? मग आपण का नाही?"

आणि आमचे सेफ्टी ऑफिसर! स्वतःमुळं एका पोराचं विमान चुकतंय ह्या लाजेनं हेसुद्धा पुढं झाले. "सई, मी सगळ्यात पुढं जातो. मला अंदाज हाय. चल."

"नाही, बाबा."

"अगं, ते गेले की!"

"गेले. चांगलं झालं, गेले. मी माझी माणसं नाही नेणार."

पुण्याची नोकरी, तिनं दिलेला शब्द, सगळं ह्या माणसाच्या हातात होतं. ह्यांनी घरी जाऊन एक 'नाही' म्हटलं की तिचा डोंगर संपला. हे तिलाही ठाऊक, मलाही. तरी पोरगी सात माणसांसमोर बापाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणत होती. खोटं कशाला सांगू, मला तिचा अभिमान वाटला.

गिरीशनं विचारलं, "उशीर झाला कुणामुळं?" सगळ्यांना माहीत होतं कुणामुळं.

"माझ्यामुळं," सई म्हणाली. "वेळेवर निघणं ही माझी जबाबदारी होती."

हे ऐकलं मात्र, विलासराव जागच्या जागी बसले. थोड्या वेळानं उठून गिरीशजवळ गेले आणि म्हणाले, "तप्पु नंद री." चूक माझी आहे. गिरीश बिचारा भला मुलगा. उलट ह्यांनाच पाणी प्यायला दिलं.

बहुतेक

तो दिवस मी विसरणार नाही. काही म्हणजे काही घडलं नाही त्या दिवशी. पोरींनी पत्ते काढले. दोरजेनं भजी तळली. हे काठावर जाऊन बसले आणि पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला. जरा वेळानं दगड पाण्यात. मग वर दुसरा ठेवला. तोही पाण्यात. दुपारपर्यंत सकाळच्या ओढ्याची खूणसुद्धा राहिली नाही. पाण्याचा रंग मातीसारखा, आणि आतून मोठे धोंडे गडगडत जाण्याचा आवाज यायचा. वर बघावं तर आकाश लख्ख.

"ढग न्हाय गं," हे मला पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एक ढग न्हाय."

सई तिघांचा चहा घेऊन आली आणि आमच्या मधे बसली.

"उद्या नक्की उतरंल?" ह्यांनी विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"रात्री गार पडलं की वितळणं थांबतं, पाणी उतरतं. वर कुठं पाऊस झाला तर नाही उतरणार. मग आणखी एक दिवस बसायचं. शिधा आहे."

"आणि पाण्यात कुणाचा पाय सटकला तर?"

"दोर आहे. मी आहे, दोरजे आहे. तेवढंच आहे, बाबा. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही."

ह्यांनी कडेला आणखी एक दगड ठेवला. मग म्हणाले, "मी असल्या कामाला परवानगीच दिली नसती."

"माहितीये," सई हसली आणि तिनं डोकं ह्यांच्या खांद्यावर टेकवलं. लहानपणी स्कूटरवर मागं बसून टेकवायची तसंच. ह्यांनी हात उचलून तिच्या टोपीवर ठेवला आणि चहा तसाच गार होऊ दिला.

पार

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी विलासराव मोजे, सँडल, पाठपिशवी सगळं चढवून तंबूबाहेर उभे. पाणी उतरलं होतं. तरी मांडीपर्यंत होतं आणि इतकं गार की पाय आपले आहेत की नाहीत कळू नये. जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकून देता येते. पाणी येतं त्या दिशेला तोंड करायचं, पाय उचलायचा नाही, सरकवायचा. आणि नेणाऱ्याचं मनगट धरायचं, बोटं नाहीत.

दोरजे दोर घेऊन पलीकडं गेला. सईनं आधी मला नेलं, मग ह्यांना. मधे एकदा ह्यांचा पाय घसरला, हे गुडघ्यावर आले, सईनं तिथंच पाय रोवून ओढून उभं केलं. ओरडली नाही, घाबरली नाही. "उभे राहा. श्वास घ्या. आता डावा पाय." पार आले तेव्हा ह्यांचे दात वाजत होते. मी म्हटलं, सुटलो बाई.

पण सुटलो कुठं? सई वळली आणि पुन्हा पाण्यात उतरली. मंजुळाला आणलं. पुन्हा गेली. गिरीशला आणलं. पुन्हा गेली. मला आतापर्यंत हे सुचलंच नव्हतं, की आम्ही एकदा पाण्यात उतरणार आणि ती प्रत्येक माणसासाठी. दिल्लीच्या तिसऱ्या मुलीला आणायला ती निघाली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ह्यांचा हात वर गेला. तिला हाक मारायला तोंड उघडलेलं मी बघितलं. दोरजे आहे की, त्याला जाऊ दे, बास कर, असलंच काहीतरी ओठावर असणार. हाक आली नाही. हात हळूहळू खाली आला. ती पोरीला घेऊन काठाला लागेपर्यंत ह्यांनी पापणी हलवली नाही, आणि मग पाठ फिरवून धोंड्यावर बसले नि लहान मुलासारखे रडले. मी पिशवीतला कोरडा लोकरी मोजा काढून त्यांना नाक पुसायला दिला, रुमाल ओला झाला होता.

छत्रूला गरम गरम मॅगी आणि चहा मिळतो. इतकी चविष्ट मॅगी जगात नाही. तिथून मनाली गाडीनं, बोगद्यातून.

घरी

आमचे मोकळे ठेवलेले दोन दिवस होते, त्यामुळं गाडी चुकली नाही. गिरीशनं नवीन तिकीट काढलं, ह्यांनी पैसे द्यायचा खूप आग्रह केला, त्यानं घेतले नाहीत. मनालीच्या बसस्टँडवर सईनं काही विचारलं नाही. ह्यांनी काही सांगितलं नाही. पूर्ण प्रवासात हे खिडकीबाहेर बघत होते. पोरीला परत आणायचं की नाही, हे माझंच मला ठरवता येत नव्हतं.

सोलापूरला आलो, कपडे धुतले, सांधे दुखले, कामावरच्या बाईनं "लई वाळलासा की दोघं" म्हणून काळजी केली. आठवडा असाच गेला. पुण्याच्या नातेवाइकाचा फोन आला तेव्हा हे गॅलरीत जाऊन बोलले. मला ऐकू आलं नाही. त्या संध्याकाळी ह्यांनीच सईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"पुण्याला नाही म्हणून सांगितलंय," हे म्हणाले.

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज.

"ऐकतीयेस? मला भीती वाटती, सई. वाटणारच. ती काय जात न्हाय, मी बघितलं. पण भीती माझी हाय. ती मी सांभाळतो. तू तुझी माणसं सांभाळ."

मग सई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आईला द्या." मी फोन घेतला. पोरगी रडत होती. 'जपून राहा' म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द मला एकदम फुकट वाटले. म्हणून विचारलं, "उद्या कोण कोण आहेत गं तुझ्याबरोबर?"

सईनं नाक ओढलं आणि सांगायला लागली. कोण कुठला आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कोण पाण्याला घाबरतं. मी पलंगावर बसून एकेकाचं नाव ऐकत राहिले.